शेवटचा पापुद्रा

६ ऑक्टोबर

आज बँकेची नोकरी सोडली. साहेबांनी विचारलं, "कुठे जास्त पगार मिळाला?" म्हटलं, "मुहर्रकच्या बाजारात, मोत्यांच्या दुकानात. पगार नाही." त्यांना थट्टा वाटली. ते हसले, मग माझा चेहरा पाहून त्यांनी राजीनाम्याचा कागद पुढे ओढला.

घरी आई, आमची उम्मी, अंगणात मासे साफ करत होती. तिला सांगितलं, उद्यापासून मी बाबांबरोबर दुकानात बसणार. "बाईमाणूस बाजारात बसणार?" ती म्हणाली. म्हटलं, "बँकेत काय उभी असायचे?" ती हसली नाही. माझा भाऊ सालिम गेल्यापासून ती माझ्या कशालाच हसत नाही आणि माझी जीभ काही थांबत नाही.

बाबा नमाजाच्या चटईवर बसले होते. नुसतं "ये" म्हणाले. चौतीस वर्षांची घोडी झाले, पण दुकानाच्या बाबतीत "ये" हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला.

८ ऑक्टोबर

दुकान एवढंसं, की चार माणसं बसली तर पाचव्यानं उंबरठ्यावर टेकायचं. पणजोबा छोट्या होडीतून मोती काढणाऱ्या जहाजांवर जायचे आणि तिथेच सौदा करायचे. आजोबांनी मोती सोलायची कला घरात आणली. बाबा तरुणपणी बुडी मारायचे, पुढे सोलायला बसले. सालिम बुडी मारायचा. समुद्रानं आपणहून दिलेला मोती सोडून दुसरं काही या उंबरठ्याच्या आत आलेलं नाही. माणसानं शिंपल्यात बी घालून वाढवलेल्या मोत्याला बाबा "पाळीव" म्हणतात, तेसुद्धा तोंड वाकडं करून.

समोर हाजी मक्कींचं दुकान. मोती सोलणारे आता गावात दोघंच उरलेत, बाबा आणि ते, त्यामुळे दोघांचं जन्माचं वैर आणि जन्माची मैत्री. मला पाहून म्हणाले, "सबिका, नवरा टिकला नाही, बँक टिकली नाही. दुकान तरी टिकव बाई." मी म्हटलं, "तुमची बायको इतकी वर्षं टिकली, तिच्याकडून शिकून घेईन." बाजार हसला. बाबासुद्धा हसले. खूप दिवसांनी.

एक गोष्ट मात्र सोसत नाही. आमच्याकडे बापाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. सालिम ऑगस्टमध्ये गेला, पण बाजार दिवसभर त्याचंच नाव घेत असतो. बू सालिम, सलाम. बू सालिम, कहवा घ्या. बू सालिम, पाऊस पडेल का हो? बाबा प्रत्येक हाकेला मान वळवतात. मी प्रत्येक वेळी दाराकडे बघते, आणि दरवेळी मूर्ख ठरते.

९ ऑक्टोबर

कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं, नाहीतर मी मनात रोज वेगळंच रचत बसेन.

सालिम मित्रांबरोबर उत्तरेच्या खडकावर गेला होता. शेवटची बुडी. वर येताना, अगदी उजेडात आल्यावर, त्याची शुद्ध गेली. दोर धरणाऱ्यानं त्याला ओढून वर घेतलं. गळ्यात शिंपल्यांची जाळी तशीच होती. दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती जाळी अंगणात पडलेली होती आणि तिला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. बाबा उठले, खाली बसले आणि एकेक शिंपला उघडू लागले. आम्ही बघत राहिलो. त्यातल्या एकात हा मोती निघाला.

हरभऱ्याच्या दाण्याहून मोठा, गोल, पण राखेसारखा. म्हाताऱ्या दातासारखा. हाजी मक्कींनी भिंगातून बघून सांगितलं, "कातडं मेलंय. आत जिवंत असेल. सोल, बू सालिम."

मोती कांद्यासारखा असतो, पापुद्र्यावर पापुद्रा. वरचा काढला की खाली चांगला निघू शकतो, किंवा आणखी वाईट, किंवा नुसता चिखल. बाबांनी तो लाल फडक्यात बांधून छातीच्या खिशात ठेवला. अजून तिथेच आहे. मला तो सोललेला हवा आहे. सालिमनं जीव देऊन आणलेली वस्तू राखेच्या रंगाची राहावी, हे मला पटत नाही.

१४ ऑक्टोबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. बाबांनी माझ्या तळहातावर एक मोती ठेवला आणि म्हणाले, "रंग सांग."

म्हटलं, "पांढरा."

"पांढरा हा रंग नाही, आळस आहे. नीट बघ. दुधासारखा? कुठल्या दुधासारखा, आत्ता काढलेल्या की साय धरलेल्या? की भाताच्या पेजेसारखा?"

मी खूप वेळ बघितलं. म्हटलं, "पेजेसारखा. पण कडेला जरा हिरवट."

"ठिपके?"

"एक. टाचणीच्या टोकाएवढा."

"हं," म्हणाले, आणि मोती योग्य त्या डबीत टाकला. असं दुपारपर्यंत चाललं. ते मला शिकवताहेत! लहानपणी मी डब्यांना हात लावला तर म्हणायचे, "मुलींनी मोती घालावेत, पारखू नयेत." सालिम मात्र मांडीवर. मागच्या खोलीत जाऊन मी रडले, आनंदानं. मग आठवलं की सालिम असता तर ही जागा मला मिळालीच नसती, आणि रडणं तेच राहिलं पण आनंद गेला.

२१ ऑक्टोबर

बाबा बदललेत, हे कबूल करायला हवं. दुःखानं माणूस नरम होतो म्हणतात. आमच्याकडे उलटं.

पूर्वी अख्ख्या बाजारात सलाम आधी त्यांचा. आता समोरचा बोलेपर्यंत मान वर करत नाहीत. हमीद हलवाई परवा समोरून गेला, यांनी ओळखसुद्धा दाखवली नाही, तो बिचारा चेहरा पाडून निघून गेला. आज पाहुण्यांना कहवा ओतताना पेल्याच्या आत बोट घालून ओतत होते! पाहुण्यांसमोर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर म्हटलं, "बाबा, हे काय?" तर म्हणतात, "गरम आहे का बघत होतो."

एक गोष्ट मात्र आवडते. घरून दुकानात जाताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालतात. भर बाजारात, सगळ्यांदेखत. जणू सांगताहेत, ही माझी मुलगी. मी मान ताठ करून चालते.

हाजी मक्कींना तर नवंच नाटक सुचलंय. रोज उंबरठ्यावर उभं राहून ओरडतात, "मी मक्की, तुझा वैरी, आत येतोय!" या वयात.

३० ऑक्टोबर

उम्मीशी बोलले. म्हटलं, बाबांना झालंय काय? ती भाकरी भाजत होती. म्हणाली, "याकूब नबींचं झालं तेच. मुलासाठी रडले, रडले, डोळे पांढरे झाले." आणि माझ्याकडे बघत राहिली, जणू मी काहीतरी म्हणावं. मी म्हटलं, "तरी बाबांना रडताना मी एकदाही पाहिलं नाही." तिनं भाकरी उलटली. उम्मीला प्रत्येक गोष्टीला कुठल्या ना कुठल्या नबींची गोष्ट आठवते.

५ नोव्हेंबर

भांडण झालं. सुरुवात चांगली होती. त्यांनी सोलण्याचं मर्म सांगितलं: "डोळा लोभी असतो, हात समाधानी. डोळा म्हणतो, अजून एक पापुद्रा काढ, खाली याहून सुंदर आहे. हात म्हणतो, पुरे. चांगला सोलणारा हाताचं ऐकतो."

म्हटलं, "मग सालिमचा मोती सोला ना."

"सुऱ्या बोथट झाल्यात."

"मी धार लावून आणते."

"उजेड बरोबर नाही."

इथे माझं डोकं फिरलं. मोत्याचं काम उत्तरेच्या खिडकीत करायचं, सकाळच्या उजेडात, हे याच माणसानं आम्हाला पढवलं. आणि आता महिनाभर हेच गृहस्थ त्या खिडकीकडे पाठ करून बसतात! तसं तोंडावर बोलले. ते उठून खिडकीकडे तोंड करून बसले, एखादं मूल ओरडा खाल्ल्यावर बसतं तसे. मला फार वाईट वाटलं. तरी सुऱ्यांना धार लावून आणलीच.

१२ नोव्हेंबर

दुपारी जेवायला घरी आलो. बाबा जेवणानंतर आडवे झाले होते. मी पाणी घ्यायला गेले तर दिसलं, उम्मी त्यांच्या उशाशी बसली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर सालिमचा पांढरा सदरा पसरलेला होता. डोळ्यांवरून, कपाळावरून. ओठांत काहीतरी पुटपुटत होती. बाबा जागे होते. त्यांचा हात तिच्या हातावर होता.

मी पाऊल न वाजवता मागे फिरले. त्या सदऱ्याला अजून त्याचा वास असणार. माझी तो हुंगायची हिंमत नाही.

सालिमचे कान फार मोठे होते. मी त्याला सूप म्हणायचे. "ए सुपा, दार उघड." आज दिवसभर तेच डोक्यात.

२० नोव्हेंबर

कुवेतचे बू नासर आले. त्यांच्या आजोबांपासून आमच्याकडे येतात. त्यांच्या मुलीचं लग्न आहे. किरकोळ मोत्यांचा सौदा बाबांनी जुन्या पद्धतीनं केला, हातावर लाल फडकं टाकून, आत बोटं दाबून भाव सांगायचा. बाहेरच्यांना काही कळत नाही. सौदा मोडला तरी कुणाची इज्जत जात नाही, कारण कुणी काही ऐकलेलंच नसतं. फडक्याखाली बाबांची बोटं अजून वाघाची आहेत. बू नासर घामाघूम झाले.

मग ते म्हणाले, "बू सालिम, एक मोठा आहे म्हणे तुमच्याकडे."

बाबांचा हात छातीच्या खिशाकडे गेला. बू नासर म्हणाले, "सोला. आत जे निघेल ते माझ्या मुलीच्या गळ्यात जाईल. तुमच्या मुलाचा मोती माझ्या मुलीच्या अंगावर, याहून मोठा मान नाही."

तरीही बाबा गप्प. दुकानात हमीद हलवाई होता, आणखी दोघं होते, उंबरठ्यावर मक्की होते. सगळे बाबांकडे बघत होते आणि बाबा खाली जाजमाकडे. मला वाटलं, आता सगळे म्हणणार, म्हातारा संपला, हे घर संपलं. मी म्हटलं, मोठ्यानं, "बाबा सोलतील. तुमच्यासमोर, याच दुकानात. शब्द दिला."

बाई असल्यामुळे माझा हात फडक्याखाली जाऊ शकत नाही. मी तोंडानं बोलले. सगळ्यांनी ऐकलं.

हाजी मक्की एवढंच म्हणाले, "अरे पोरी."

२१ नोव्हेंबर

उम्मी माझ्याशी बोलत नाही. बोलली तेव्हा हे बोलली: "तुझ्या तोंडाला झाकण नाही. तुला काही दिसत नाही का गं?"

"दिसतंय की," मी म्हटलं. "या घरात मला एकटीलाच दिसतंय. बाकी सगळे रडत बसलेत."

ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिचा काय राग आहे तो कळत नाही. मोती समुद्रात परत टाकावा, असं तिचं पहिल्यापासून म्हणणं होतं. समुद्राकडून घेतलेलं काही घरात नको म्हणाली होती. तेच असेल.

बाबा संध्याकाळी मगरीबच्या नमाजानंतर म्हणाले, "शब्द गेला तो गेला. तू माझ्या उजव्या हाताला बसायचं. रोजच्यासारखा रंग सांगायचा. मी विचारीन तेवढंच, जास्त एक अक्षर नाही."

म्हणजे सगळ्यांसमोर माझी पारख! मी त्यांच्या हाताचा मुका घेतला. तो हात गार होता.

३ डिसेंबर

सराव चालू आहे. हलक्या मोत्यांवर. बाबा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत मोती धरतात, सुरीच्या टोकानं एक कड उचलतात, आणि पापुद्रा कागदासारखा सुटून येतो. काय हात आहे! डोळे मिटून करतात. म्हणतात, "डोळे उघडे असले की हाताला ऐकू येत नाही." मधूनमधून मोती माझ्यापुढे धरतात, "सांग." मी सांगते. परवा मी "शहाळ्याच्या मलईसारखा" म्हटलं तर म्हणाले, "सालिमला हे सुचलं नसतं."

हे वाक्य मी इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला वाटणार नाही की स्वप्न होतं.

११ डिसेंबर

उद्या. हिरवा अबाया काढून ठेवलाय. झोप येईल असं वाटत नाही.

१२ डिसेंबर

नाही लिहिता येत.

१५ डिसेंबर

लिहिते.

बारा तारखेला सकाळी बू नासर आले, मक्की आले, हमीद आला. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले, मी उजव्या हाताला. बाबांनी बिस्मिल्ला म्हणून फडकं सोडलं. पहिली कड उचलली. राखेचा पापुद्रा निघाला. "सांग." म्हटलं, "अजून मेलेला. ओल्या चुन्यासारखा." दुसरा निघाला. "सांग." "साय. थोडी पिवळी." तिसरा पापुद्रा अर्धा सुटला आणि खालून उजेड आला.

मी असा रंग कधी पाहिला नाही. गुलाबी म्हटलं तर आळस होईल. सगळे पुढे झुकले. बू नासर काही बोलायचेच विसरले. "सांग," बाबा म्हणाले. मला बोलता येईना. "सांग की गं."

"गुलाबी," म्हटलं. "बाबा, जिवंत आहे."

त्यांनी मोती चिमटीत फिरवला. हळूच, जणू गाल कुरवाळत होते. म्हणाले, "हात म्हणतोय, पुरे."

आणि मला ठिपका दिसला. एका बाजूला, मातीच्या कणाएवढा. लग्नातला मोती, बू नासरची मुलगी, सालिमचं नाव, आणि त्याच्यावर डाग? म्हटलं, "बाबा, एक ठिपका आहे. एकच पापुद्रा. अगदी पातळ."

बू नासर म्हणाले, "राहू दे, मुली, मला चालेल." मक्की खोकले. बाबांनी मान माझ्याकडे वळवली. मला वाटलं, त्यांना तो ठिपका दिसलाय आणि ते माझ्या नजरेचा मान ठेवताहेत. ते म्हणाले, "तुझा डोळा सांगतोय?"

"हो."

"बरं," म्हणाले, आणि सुरी लावली.

पापुद्रा निघालाच नाही. चर्र आवाज झाला, आणि मोती फुटला. आत गोळा होता, तपकिरी, ओल्या मातीसारखा, तो बाबांच्या बोटांतून सुटला आणि त्यांच्या मांडीवरच्या फडक्यावर पडला. वरच्या गुलाबी कवचाचे बारीक तुकडे झाले. कुणी हललं नाही.

बाबांनी रिकामी चिमटी माझ्यापुढे धरली. "सांग," म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत होते. भर उजेडात डोळे उघडे, पापणी न लवता, आणि हात हवेत, त्यात काही नाही. "सबिका. रंग सांग."

तेव्हा मला कळलं. पेल्यातलं बोट, खांद्यावरचा हात, मक्कींचं ओरडणं, उम्मीचे याकूब नबी, तोंडावरचा सदरा, सगळं एका क्षणात. मी इतरांकडे पाहिलं. हमीद खाली बघत होता. बू नासर खाली बघत होते. त्या दुकानात हे माहीत नसलेली मी एकटीच होते. आणि शब्द देणारीही मीच.

म्हटलं, "गुलाबी, बाबा."

बू नासरनी त्या मातीकडे बघत मोठ्यानं म्हटलं, "माशाअल्लाह, बू सालिम." खणखणीत आवाजात. मक्कींनी तोंडाला उपरण्याचा बोळा लावला होता.

बाबांनी हात खाली आणला. फडक्यावरचे तुकडे त्यांच्या बोटांना लागले. अंगठ्यानं ते हळूहळू चाचपले, मातीही चाचपली. चेहऱ्यावर काही हललं नाही. फडक्याला चार गाठी मारल्या आणि म्हणाले, "बू नासर, मला माफ करा. मुलाची वस्तू आहे, विकवत नाही. माझ्या मुलीनं शब्द दिला होता. तो मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर."

बू नासर म्हणाले, "कसला शब्द? मी काही ऐकलंच नाही. सौदा फडक्याखाली होता."

"मीही नाही ऐकलं," हमीद म्हणाला.

"मी तर बहिराच आहे," मक्की म्हणाले. बोलता बोलता रडायला लागले.

१७ डिसेंबर

उम्मीनं सगळं सांगितलं. काचबिंदू. एक डोळा आधीच गेला होता, दुसरा वसंतात अधू झाला आणि सालिमनंतर विझला. डॉक्टर म्हणाले, नस सुकली आहे, उपाय नाही. तरीही ती सदरा टाकत होती. हरवलेल्या मुलाचा, युसुफचा सदरा तोंडावर टाकल्यावर याकूब नबींची नजर परत आली, हे मीही मदरशात घोकलेलं आहे. माझ्या डोळ्यांदेखत तिनं टाकला आणि मला काय वाटलं, तर वास.

सालिमला ठाऊक होतं. मोत्यांचा रंग आधी तो सांगायचा. जाळीतले शिंपले बाबांनी आमच्यासमोर उघडले ते चाचपून. तो मोती त्यांनी एकदाही पाहिलेला नाही.

"मला का नाही सांगितलंत?" मी ओरडले. उम्मी म्हणाली, "त्यांनी शपथ घातली होती. तू विचारलं असतंस तर मी मोडली असती."

म्हणजे ते मला शिकवत नव्हते. त्यांना डोळे हवे होते. आणि मी काय केलं, तर ते लोभी डोळे दिले.

१८ डिसेंबर

दुकानात गेले नाही. ते एकटे गेले. हाजी मक्की त्यांना न्यायला आले होते.

२१ डिसेंबर

आज गेले. बाबा नेहमीच्या जागी बसले होते, खिडकीकडे पाठ करून. मी उंबरठ्यावर उभी राहिले. काय म्हणावं कळेना. शेवटी म्हटलं, "मी सबिका, आत येतेय."

"पाऊल ओळखतो मी," ते म्हणाले. "वेंधळं आहे."

मी त्यांच्या गुडघ्याशी बसले आणि विचारलंच. माझा स्वभाव जात नाही. "शिकवत होता की वापरत होता?"

ते म्हणाले, "शिकवल्याशिवाय विचारता येतं का? पांढरा म्हणणारे डोळे माझ्या काय कामाचे?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू बँकवाली. दवाखाने केले असतेस, दुकानाला कुलूप घातलं असतंस." मग समोरच्या डब्यांची झाकणं एकेक करून चाचपली. "आणि सगळ्यांनी माझ्याशी हळू आवाजात बोलायला सुरुवात केली होती. तू एकटीच भांडायचीस. कुणा एकाच्या नजरेत तरी मी धड होतो."

मला रडू फुटलं. म्हटलं, "मी तो घालवला, बाबा. सालिमचा मोती मी घालवला. तुमचा हात पुरे म्हणत होता."

"म्हणत होता," ते म्हणाले. खोटं नाही बोलले. "पण चारचौघांत मी काय सांगू, की ठिपका मला दिसत नाही? माझी अब्रू आणि तुझा डोळा, दोघांनी मिळून घालवला." छातीच्या खिशातून त्यांनी ते फडकं काढलं. गाठी तशाच होत्या. सोडल्या नाहीत, नुसतं मुठीत धरलं.

"सबिका. शेवटच्या पापुद्र्याआधी तो कसा होता?"

"गुलाबी."

"हा आळस झाला."

मी डोळे पुसले. खूप वेळ विचार केला. बाहेर हमीद कुणाशी तरी भाव करत होता. घाई करायची नाही, हे मला आता कळतं.

"सालिम लहान असताना," मी म्हटलं, "सकाळी किनाऱ्यावर उभा राहायचा, समुद्राकडे पाठ करून. मी त्याला सूप म्हणायचे. ऊन मागून यायचं आणि त्याच्या कानातून आरपार दिसायचं. बाबा, तसा. अगदी तसा रंग होता. आतून."

बाबांनी हवेत चाचपडत माझा हात शोधला. लपवलं नाही. सापडायला वेळ लागला, मी पुढे केला नाही, शोधू दिला.

"मग बरोबर," ते म्हणाले. "त्याचाच होता."